‘ताईकडून किती येणं आहे?’ : घरच्या सामायिक हिशेबाला एजंट जोडताना टूलचं वर्णन कसं लिहावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तिघं भावंडं. आई-बाबा साताऱ्याला, तुम्ही पुण्यात, धाकटा भाऊ बंगळुरूला आणि ताई दुबईला. आई-बाबांची औषधं, कामाच्या मावशींचा पगार, लाइट बिल, घरपट्टी असा सगळा खर्च तिघांत वाटून घेता. आधी हिशेब शीटमध्ये होता. आता तुम्ही छोटा एमसीपी सर्व्हर लिहून (एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची माहिती आणि प्रोग्राम जोडायची ठरलेली पद्धत) त्याला एआय एजंट जोडलाय. त्यात सहा टूल आहेत, म्हणजे एजंटला स्वतःहून बोलावता येतील अशी सहा कामं. एजंट कधी अचूक उत्तर देतो, कधी साफ चुकतो. ‘ताईकडून किती येणं आहे’ असं विचारलं तर उलट तुम्हीच ताईचे पैसे देणं लागता म्हणून सांगतो. सहा महिन्यांच्या औषधांचा खर्च प्रत्यक्षाच्या जेमतेम निम्मा सांगतो. म्हणून तुम्ही विचारलंय की टूलची वर्णनं किती मोठी आणि कोणत्या भाषेत असावीत, आणि एखादा नमुना मिळेल का.

मी वीस वर्षं बॅकएंडचं काम करते आहे, त्यातली बरीचशी दुसऱ्यांनी वापरायच्या एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगायच्या ठरलेल्या वाटा, लिहिण्यात गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी आलं, तेव्हापासून ऑफिसात हेच काम जास्त आहे. घरीही आमच्या गुहागरच्या सामायिक घराचा हिशेब मी याच पद्धतीने चालवते. चुलत भावंडं धरून सात बिऱ्हाडं आहेत. शाकारणी, घरपट्टी, गड्याची मजुरी आणि पाळीने येणारा गणपती, सगळं त्यात येतं. तुम्ही सांगितलेल्या चुका माझ्याकडे जवळजवळ याच क्रमाने झाल्या, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, अडचण लांबीची नाही. तुमची वर्णनं ‘खर्च आणतं’, ‘बॅलन्स देतं’, ‘सेटल करतं’ अशी आहेत. तुम्हाला ती पुरतात, कारण उरलेलं सगळं तुम्हाला माहीत आहे. मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आत विचार करणाऱ्या एआयला, तुमचा कोड दिसत नाही, डेटाबेस दिसत नाही, आणि तुमचं घर तर नाहीच नाही. त्याला दिसतात टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटरची (टूल बोलावताना भरून द्यायच्या रकान्यांची) यादी आणि प्रत्येक पॅरामीटरपुढे तुम्ही काही लिहिलं असेल तर ते. एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं की आत्ता कोणतं टूल बोलवू आणि त्याला काय देऊ.

आता ‘खर्च’ हा एकच शब्द घ्या. ‘आईचा खर्च’ म्हणजे आईसाठी झालेला खर्च. ‘ताईचा खर्च’ म्हणजे मात्र ताईने स्वतःच्या खात्यातून दिलेले पैसे, किंवा सगळ्या खर्चातून तिच्या वाट्याला आलेला हिस्सा. घरात बोलताना आपण हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाने भागवतो आणि आपल्यात गोंधळ होत नाही, कारण कोण कोणाबद्दल बोलतंय ते ठाऊक असतं. गंमत म्हणजे कधी कधी आपल्यातही एकमत नसतं, ते फक्त बाहेर आलेलं नसतं. आमच्याकडे मी वर्णन लिहायला बसले आणि अडले: गणपतीला आलेल्या पाहुण्यांचं जेवण ज्याची पाळी त्याचं, की सामायिक? दोन चुलत भाऊ दोन वेगळी उत्तरं देत होते आणि आठ वर्षं दोघंही आपापल्या समजुतीने नोंदी करत होते. एजंट चुकला नव्हता. आम्हीच ते कधी ठरवलं नव्हतं. म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते ते कोडचं नाहीच. तिघं भावंडं एकदा फोनवर बसा आणि हिशेबातले पाच-सात शब्द तुमच्या घरात कशाला म्हणतात ते ठरवा. वर्णनं त्यानंतर लिहा.

दुसरी गोष्ट, जे टूलच्या आकारात दुरुस्त होतं ते वर्णनात दुरुस्त करत बसू नका. तुमचं येण्या-देण्याचं उलटं उत्तर हे याचं चांगलं उदाहरण आहे. तुमचं बॅलन्सचं टूल एक आकडा देतं, वजा ४,२००. वजा म्हणजे कोणाकडून कोणाला? तुम्ही कोडमध्ये ठरवलंय की वजा म्हणजे समोरच्याकडून येणं. मॉडेलला वाटतं वजा म्हणजे आपलं कमी, म्हणजे आपण देणं लागतो. दोन्ही समजुती तितक्याच रास्त आहेत. ‘वजा असेल तर येणं समजावं’ असं वर्णनात लिहून पाहिलं तर दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं, आणि दहाव्या वेळी वहिनीला मेसेज जातो की तुमच्याकडे इतके बाकी आहेत. माझ्याकडे असा मेसेज गेला होता. पैसे उलट तिलाच द्यायचे होते. आकडा दुरुस्त व्हायला दोन मिनिटं लागली, तिच्या मनातून ते जायला बरेच दिवस लागले.

तेव्हापासून माझं टूल चिन्हाचा आकडा देतच नाही. उत्तरात तीन गोष्टी येतात: देणारा, घेणारा, रक्कम. रक्कम कधीच वजा नसते. आपल्या जुन्या वह्यांत येणं आणि देणं वेगवेगळ्या बाजूंना मांडतात, तसंच हे. ‘बॅलन्स’ किंवा ‘शिल्लक’ हे नावही मी काढून टाकलं, कारण शिल्लक म्हटलं की मॉडेलला खात्यात उरलेली रक्कम वाटते. टूलचं नावच ‘कोणाकडून कोणाला किती येणं’ या अर्थाचं ठेवलं. आता त्याचं वर्णन दोन ओळींचं आहे आणि त्या जागी चूक होत नाही.

तसंच रकमेचं. आत पैसे पूर्णांकात साठवा, म्हणजे रुपयाऐवजी पैशात. दशांशाच्या चुका टळतात. पण एजंटशी बोलताना रुपयेच ठेवा आणि पॅरामीटरच्या नावातच ‘रुपये’ हा शब्द घाला. नुसतं ‘अमाउंट’ ठेवलं होतं तेव्हा माझ्याकडे साडेचारशेचं गॅसचं काम साडेचार रुपये म्हणून नोंदलं गेलं. वर्णनात ‘रक्कम पैशात द्यावी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तरीही. मॉडेल नाव आधी धरतं, बारीक अक्षरातली सूचना मागाहून.

आता निम्म्या बेरजेकडे. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण तुमचं खर्चाचं टूल एका वेळी पन्नास नोंदी देतं असं तुम्ही लिहिलंय, आणि सहा महिन्यांत औषधांच्या नोंदी त्याहून जास्त असणार. एजंटने पहिल्या पन्नास घेतल्या, बेरीज केली, तुम्हाला सांगितली. पुढचं पान आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वर मॉडेलकडून लांबलचक आकड्यांची बेरीज करून घेणं मुळातच धोक्याचं. इथे आपली कीर्द आणि खतावणी मला फार उपयोगी पडते. कीर्दीत रोजच्या नोंदी घडल्या क्रमाने, खतावणीत खात्यावार एकूण. दोन वेगळ्या वह्या, दोन वेगळी कामं. टूलही तशी दोन करा. एक नोंदी दाखवणारं: ‘गेल्या आठवड्यात काय काय झालं’, ‘ते एमआरआयचं बिल कधीचं’ अशा प्रश्नांसाठी. दुसरं एकूण देणारं, ज्यात बेरीज सर्व्हर करतो. आणि दोघांच्या वर्णनात दुसऱ्याचं नाव घेऊन लिहा की अमुक प्रश्न असेल तर मला नको, त्याला बोलवा. शेजारी शेजारी असलेल्या टूलमधली सीमा दोन्हीकडून लिहिली की मॉडेल फार कमी चुकतं. नोंदींच्या टूलने उत्तरात ‘एकूण १३२ पैकी पहिल्या ५०’ असं सांगायलाही हवं. उत्तरात आलेला मजकूरही मॉडेल वाचतंच, तेव्हा तोही वर्णनाचाच भाग धरा.

नमुना मागितलात, म्हणून माझ्या एकूण देणाऱ्या टूलचं वर्णन तुमच्या घराला जुळवून इथे देते:

‘दिलेल्या कालावधीतल्या सामायिक खर्चाची बेरीज, रुपयांत. बेरीज सर्व्हरवर झालेली असते; नोंदी मागवून ती पुन्हा करू नये. कोणासाठी झाला, कोणी दिला आणि कोणाच्या वाट्याला आला, ही तीन वेगळी गाळणी आहेत. “आईचा खर्च” म्हणजे आईसाठी झालेला. भावंडांपैकी कोणाचा “खर्च” विचारला आणि दिलेला की वाट्याचा हे स्पष्ट नसेल, तर विचारणाऱ्याला आधी विचारावं. भावंडांनी एकमेकांना परत दिलेले पैसे यात धरलेले नाहीत. बाबा पेन्शनमधून रोखीने करतात तो खर्च इथे नोंदला जात नाही, म्हणून या आकड्याला घराचा एकूण खर्च म्हणू नये. दोन्ही टोकांचे दिवस धरून, भारतीय वेळेनुसार. एकेक नोंद पाहायची असेल तर नोंदींचं टूल वापरावं.’

यात टूल काय करतं हे पहिल्या एका वाक्यात संपलं. उरलेलं सगळं टूलच्या नावावरून कळणार नाही असं आहे. त्यातही मला सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं ते पेन्शनचं, म्हणजे टूलमध्ये काय नाही ते सांगणारं. एजंटला रिकामी यादी मिळाली की तो बिनधास्त सांगतो ‘मे महिन्यात भाजीवर खर्च झाला नाही’. भाजी बाबा रोज आणतात, फक्त ती तुमच्या हिशेबात येत नाही. नोंद नसणं आणि खर्च नसणं यातला फरक लिहूनच सांगावा लागतो.

आता नात्यांचा विषय. यावर इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तुम्हाला फारसं काही सापडणार नाही, आणि आपल्या घरांत सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. ‘ताई’ हे नाव नाही, ते नातं आहे, आणि ते बोलणाऱ्यावर ठरतं. तुम्ही ‘आई’ म्हणता त्यांनाच तुमची बायकोही ‘आई’च म्हणत असेल, पण तिच्या तोंडी त्या शब्दाच्या दोन व्यक्ती असतात. तुमची मुलं ‘आजी’ म्हणतात त्याही दोन. कित्येक घरांत वडिलांना ‘दादा’, ‘भाऊ’ किंवा ‘अण्णा’ म्हणतात, आणि त्याच घरात थोरल्या भावालाही ‘दादा’. आमच्याकडे ‘काका’ या शब्दाला चार माणसं ओ देतात.

सुरुवातीला मी सदस्यांच्या यादीत प्रत्येकापुढे टोपणनावं लिहून ठेवली होती. ते पुरलं नाही, कारण टोपणनाव माझ्या बाजूने होतं आणि विचारणारा पुतण्या होता. आता माझ्याकडे ‘सदस्य ओळखा’ असं वेगळं टूल आहे. ते विचारणारा कोण आणि त्याने कोणता शब्द वापरला या दोन गोष्टी घेतं आणि जुळणारे सगळे सदस्य परत देतं. बाकीची टूल नाव घेतच नाहीत, फक्त सदस्य क्रमांक घेतात. त्या पॅरामीटरपुढे लिहिलंय: ‘सदस्य ओळखण्याच्या टूलकडून आलेला क्रमांकच द्यावा. स्वतः अंदाजाने देऊ नये. एकाहून जास्त जुळले तर पूर्ण नावं सांगून विचारावं.’ यामुळे एक फेरी वाढते, उत्तराला दोन सेकंद उशीर होतो. माझ्या मते तो सोसावा. तुम्ही तिघंच वापरणार असाल आणि एजंटला लॉगिनवरून कोण बोलतंय ते कळत असेल, तर एवढी तयारी नको. तिघांसाठी तीन छोट्या याद्या पुरतील. पण उद्या मुलं किंवा आई-बाबा विचारू लागले तर हे लागेल.

तारखांचंही तसंच, पण थोडक्यात सांगते. ‘गेल्या महिन्यात’ याचं तारखांत रूपांतर मॉडेल करतं, फक्त आजची तारीख त्याला कुठून तरी कळायला हवी. सणांचं मात्र त्याच्यावर सोडू नका. ‘गणपतीत किती गेले’ असं विचारलं की तो सप्टेंबर धरतो. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मूर्तीची रक्कम, मंडपाचं सामान, एसटीची तिकिटं तर त्याच्याही आधी. मी नोंदीला ‘प्रसंग’ असं एक फील्ड दिलं आणि वर्णनात लिहिलं की सणाचा किंवा कार्याचा खर्च तारखेवरून नव्हे, प्रसंगावरून शोधावा. वेळेचा दुसरा सापळा सर्व्हरच्या घड्याळाचा. नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली की आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसात जातात. एक तारखेला मध्यरात्रीनंतर भरलेलं बिल मागच्या महिन्यात दिसतं. ताई दुबईहून नोंदी करते आणि तिचं घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणून खर्चाचा दिवस वेगळा, नुसती तारीख म्हणून साठवा. तिने दिरहॅममध्ये काही दिलं तर नोंदीच्या वेळचा दर नोंदीतच ठेवा, नाहीतर तोच खर्च दर वेळी वेगळा दिसेल.

इथवर सगळं वाचण्याच्या टूलबद्दल झालं: शब्दांचे अर्थ आधी घरात ठरवा, जमेल तितकं टूलच्या आकारात आणि नावात बसवा, आणि जे फक्त घरच्यांना माहीत असतं ते वर्णनात लिहा. लिहिणाऱ्या टूलला हे सगळं लागू आहेच, पण तिथे चुकीची किंमत जास्त असते.

तुमच्या ‘सेटल’ या टूलबद्दल मला खरोखर काळजी वाटते. ते काय करतं? तुम्ही लिहिलंय त्यावरून, फक्त ‘अमुकने तमुकला इतके परत दिले’ अशी नोंद करतं. माझंही तसंच होतं, नावही जवळपास तेच. एका महिन्यात माझ्या चुलत भावाने एजंटला सांगितलं, ‘गड्याचे तीन हजार माझ्याकडून मिटवून टाक.’ एजंटने टूल बोलावलं, टूलने ‘यशस्वी’ असं उत्तर दिलं, आणि एजंटने त्याला कळवलं, ‘तीन हजार रुपये पाठवले आहेत.’ कुठलेच पैसे गेले नव्हते. भाऊ निश्चिंत राहिला. गुहागरला गडी आठ दिवस वाट पाहत होता आणि संकोचाने कोणाला बोलला नाही. शेवटी काकूंनी विचारलं तेव्हा कळलं. त्या माणसाच्या घरी त्या आठवड्यात काय झालं असेल हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. ती चूक भावाची नव्हती, एजंटचीही म्हणता येणार नाही. मी नाव आणि उत्तर असं लिहिलं होतं की दुसरा अर्थ निघणं अवघड होतं.

आता त्या टूलचं नाव ‘परतफेडीची नोंद करा’ असं आहे. वर्णनाचं पहिलंच वाक्य: ‘हे टूल पैसे पाठवत नाही. आधीच दिलेल्या पैशांची फक्त नोंद करतं.’ त्यानंतर: ‘पैसे दिले गेले आहेत का हे विचारणाऱ्याने स्पष्ट सांगितलं नसेल तर आधी विचारावं.’ आणि टूलचं उत्तरही ‘यशस्वी’ नाही. ते म्हणतं, ‘नोंद झाली. पैसे पाठवलेले नाहीत.’ तीन ठिकाणी एकच गोष्ट लिहिलीय, आणि इथे ती पुनरुक्ती मला हवीच आहे. तुम्ही बाकी काही नाही बदललं तरी हे आज बदला. मावशींचा पगार यातूनच जात असेल तर नक्कीच.

दुहेरी नोंदीचंही बघा. नेटवर्क अडखळलं की एजंट तेच टूल पुन्हा बोलावतो आणि दोन हजारांची औषधं चार हजारांची होतात. ‘पुन्हा बोलावू नये’ असं वर्णनात लिहून ते थांबत नाही. प्रत्येक नोंदीसोबत एक विनंती क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच दाखवावी. खोडण्याचं टूल तर देऊच नका. वहीत चुकलेली रक्कम खरवडून काढत नाहीत, रेघ मारून उलट नोंद घालतात. ‘नोंद रद्द करा’ हे टूल तेच करतं: मूळ नोंद दिसत राहते, कोणी आणि का रद्द केली ते शेजारी येतं. घरच्या हिशेबात कोणी गुपचूप काही पुसलं नाही याची खात्री पैशांपेक्षा मोठी असते.

एमसीपीत टूलला काही खुणा जोडता येतात: हे फक्त वाचतं, हे काही नष्ट करू शकतं, हे पुन्हा बोलावलं तरी फरक पडत नाही, अशा. त्या जरूर भरा. काहीच न भरल्यास टूल बदल करतं आणि ते बदल नष्ट करणारे असू शकतात असं धरलं जातं, त्यामुळे काही अ‍ॅप नुसत्या वाचण्यासाठीही परवानगी विचारत बसतात. माणूस कंटाळून सगळ्यालाच ‘हो’ म्हणू लागतो, आणि खऱ्या धोक्याच्या वेळीही तेच बोट दाबलं जातं. पण या खुणा फक्त सूचना आहेत, कुलूप नाही. वर्णनही कुलूप नाही. ‘एका भावंडाच्या खासगी नोंदी दुसऱ्याला दाखवू नयेत’ असं वर्णनात लिहिलेलं मी पाहिलंय. ते काम सर्व्हरचं. जे दाखवायचं नाही ते मॉडेलपर्यंत पोचताच कामा नये. डॉक्टरांच्या बिलाच्या टिपेत काय लिहिलंय ते सामायिक गटातल्या सगळ्यांनी वाचावं का, हाही असाच आधी घरात विचारायचा प्रश्न आहे. आणि टीप हा माणसांनी, कधी कधी मेसेजमधून जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर असतो. त्यात ‘या क्रमांकावर पैसे पाठवा’ असलं काही आलं तर एजंटने ते सूचना म्हणून घेऊ नये. वर्णनात तसं लिहाच, पण खरा बचाव हा की त्याच एजंटच्या हाती पैसे पाठवण्याचं कुठलंही टूल नसावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, किती लांब? हे परिस्थितीवर आहे. वर्णनं साधारणपणे प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जातात. सहा टूल असतील तर प्रत्येकी आठ-दहा वाक्यं सहज परवडतात. चाळीस टूल असतील तर तेवढ्याने मॉडेलचं लक्ष विखुरतं आणि खर्चही वाढतो. तेव्हा आधी टूल कमी करा. लहान मॉडेलला लांब वर्णनातल्या अटी झेपत नाहीत, त्याला नाव आणि आकार जास्त चांगला हवा. भाषेचंही विचारलंत. मी मूळ वर्णन इंग्रजीत ठेवते, कारण देवनागरीला टोकन, म्हणजे मॉडेल वाचताना मजकुराचे करतं ते तुकडे, जास्त लागतात आणि पॅरामीटरची नावं तशीही इंग्रजीत असतात. पण घरात बोलले जाणारे शब्द, म्हणजे येणं, देणं, उसने, वर्गणी, पाळी, शाकारणी, हे देवनागरीत तसेच लिहून पुढे अर्थ देते. ‘उसने दिले’ याला मॉडेल खर्च समजतं, तो खर्च नाही. ‘सव्वा लाख’, ‘पावणेदोनशे’, ‘अडीच हजार’ यांचीही उदाहरणं रकमेच्या पॅरामीटरपुढे आकड्यांत देऊन ठेवा: १,२५,०००, १७५, २,५००. आई बोलून नोंद करणार असतील तर त्या ‘पावणेदोनशे’च म्हणणार.

शेवटचं, पारख कशी करायची. वर्णन चांगलं झालंय का हे वाचून कळत नाही. घरात खरोखर विचारले गेलेले वीस-पंचवीस प्रश्न एका फाइलमध्ये उतरवा, जसे बोलले तसे, मोडक्या वाक्यांसकट. प्रत्येकापुढे बरोबर उत्तर आणि कोणतं टूल बोलवायला हवं होतं ते लिहा. त्यात पाच तरी प्रश्न असे ठेवा की ज्यांचं बरोबर उत्तर ‘कोणते काका?’ असं उलट विचारणं हेच आहे. एका वेळी एकाच टूलचं वर्णन बदला आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवा, एकदा नाही, तीन-चारदा, कारण तोच प्रश्न प्रत्येक वेळी तसाच सुटेल असं नसतं. चुकलं की उत्तर बघण्याआधी लॉग बघा: कोणतं टूल, काय पॅरामीटर. चुकीचं टूल बोलावलं असेल तर वर्णनातली सीमा कच्ची आहे. टूल बरोबर पण पॅरामीटर चुकीचा असेल तर त्या पॅरामीटरचं नाव बघा. दोन्ही बरोबर असून उत्तर चुकलं, तर तुमच्या टूलने परत दिलेला मजकूर बघा.

तुमच्याकडे या क्रमाने घ्या: आज परतफेडीचं टूल, उद्या येण्या-देण्याचं उत्तर तीन फील्डमध्ये, मग कीर्द आणि खतावणी वेगळी. नात्यांचं भावंडांशी बोलून झाल्यावर. प्रश्नांची फाइल तयार झाली की त्यातले जे अजूनही चुकतायत ते लॉगसकट इथे टाका. रकमा आणि नावं बदलून टाका, मी बघते.